हमीदा बानू : आखाडा जिंकला, हिशेब हरला

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. आठवीतील एक विद्यार्थिनी मधल्या सुट्टीत आमच्या टेबलापाशी येऊन उभी राहिली. हातात शालेय कुस्ती स्पर्धेचा अर्ज. मुलीचे नाव, जन्मतारीख, वजन, सगळे सुवाच्य अक्षरात भरलेले. पालकांच्या सहीची जागा तेवढी रिकामी. "अब्बा म्हणतात, टीचरशी बोलतो, मग बघू," एवढेच ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी अब्बा आले. टेम्पो चालवणारा कष्टाळू माणूस. आवाज चढवला नाही, मुलीला नावे ठेवली नाहीत. त्यांनी तीन प्रश्न विचारले. "जिंकली तरी लोक बोलणार, हरली तरी लोक बोलणार, त्याचं काय? पुढे जाऊन ही शोभेची बाहुली तर होणार नाही ना? आणि उद्या हातपाय मोडला तर तिला कोण बघणार?"

पहिल्या दोन प्रश्नांना आमच्याकडे शाळेतली तयार उत्तरे होती. तिसऱ्या प्रश्नावर आम्ही गप्प झालो. कारण त्या क्षणी आम्हाला एक बाई आठवली. तिचे नाव हमीदा बानू. आमच्या नाशिक रोडहून पंचवटी एक्सप्रेसने मुंबईला निघालो की वाटेत जे कल्याण लागते, त्या कल्याणमध्ये तिने आयुष्याचा उत्तरार्ध काढला. एके काळी अख्ख्या हिंदुस्तानात जिच्या नावाची पोस्टरे लागत होती, ती तिथे दूध विकत होती.

त्या बापाला आम्ही काय उत्तर दिले ते शेवटी सांगू. आधी ही कहाणी.

मिर्झापूरहून अलिगढला

हमीदा बानू मूळच्या उत्तर प्रदेशातील मिर्झापूरच्या. कुस्ती त्यांच्या घरात होती. तो काळ असा की तालमीत बाईचे पाऊल पडणे हीच मोठी गोष्ट. तालीम म्हणजे लाल मातीचा हौद, पहाटेचे जोर-बैठका, वस्तादाचा शब्द आणि सगळा पुरुषांचा वावर. स्थानिक पैलवानांनी त्यांच्याशी लढायला नकार दिला, टोमणे मारले. तेव्हा त्या मिर्झापूर सोडून अलिगढला गेल्या आणि सलाम पैलवान नावाच्या वस्तादांच्या हाताखाली तयार झाल्या.

1940 आणि 1950 च्या दशकांत वृत्तपत्रांनी त्यांना 'अलिगढची अमेझॉन' हे नाव दिले. ग्रीक कथांमध्ये अमेझॉन म्हणजे लढवय्या स्त्रिया. नावाला शोभेल असाच देह होता. उंची पाच फूट तीन इंच आणि वजन 108 किलो. वर्तमानपत्रे त्यांच्या कुस्तीइतकाच खुराकही छापत. दिवसाला 5.6 लिटर दूध, 2.8 लिटर सूप, 1.8 लिटर फळांचा रस, एक कोंबडी, जवळपास एक किलो मटण, बदाम, अर्धा किलो लोणी, सहा अंडी, दोन मोठे पाव आणि दोन प्लेट बिर्याणी. नऊ तास झोप आणि सहा तास मेहनत.

हा आकडा वाचून आमच्या घरातील दादींनी एकच प्रश्न विचारला होता, "आणि हे सगळं आणून कोण देत होतं?" दादींचा हा प्रश्न ध्यानात ठेवावा. पुढे उपयोगी पडेल.

"मला हरवा आणि माझ्याशी लग्न करा"

फेब्रुवारी 1954 मध्ये हमीदा बानूंनी एक आव्हान जाहीर केले. जो पुरुष मला कुस्तीत हरवेल त्याच्याशी मी लग्न करीन. तेव्हा त्यांचे वय तिशीच्या पुढे होते. आव्हानानंतर त्यांनी दोन पैलवानांना हरवले, एक पटियाळ्याचा आणि दुसरा कोलकात्याचा. मे महिन्यात तिसऱ्या कुस्तीसाठी त्या बडोद्याला पोहोचल्या. शहरभर ट्रकवर आणि इतर वाहनांवर त्यांच्या जाहिराती फिरत होत्या.

बडोद्यात त्यांची जोड छोटे गामा पैलवानांशी लागणार होती. पण ऐन वेळी छोटे गामांनी माघार घेतली. मग समोर आले बाबा पैलवान. कुस्ती किती वेळ चालली? एक मिनिट 34 सेकंद. बाबा पैलवानांनी अस्मान पाहिले. त्यानंतर त्यांनी कुस्तीच सोडल्याचे सांगतात. 4 मे 2024 रोजी गुगलने आपल्या पहिल्या पानावर हमीदा बानूंचे चित्र लावले, ते याच कुस्तीची आठवण म्हणून. आमच्या शाळेतील मुलींनी त्यांचे नाव पहिल्यांदा ऐकले ते त्या दिवशी.

लग्नाच्या आव्हानाबद्दल आमच्या शिक्षक खोलीत दोन मते पडली. एकजण म्हणाले, ही तर बाईने स्वतःची केलेली विटंबना. दुसऱ्या म्हणाल्या, नाही, ती जाहिरात होती आणि त्यात तिची हुशारी होती. कारण हरायचेच नाही हे तिला ठाऊक होते. आम्हाला दोन्हींत थोडे तथ्य वाटते. पण हे आव्हान समजून घ्यायचे तर त्या काळच्या फिरत्या कुस्तीचा धंदा समजून घ्यावा लागतो.

फिरत्या कुस्तीचा धंदा

आपल्याकडे गावच्या यात्रेत कुस्त्या होतात. पंच कमिटी इनाम ठरवते, नारळापासून सुरू होऊन शेवटची मानाची कुस्ती. ती एक परंपरा. कोल्हापूरला राजर्षी शाहू महाराजांनी पैलवानांना राजाश्रय दिला, 1912 मध्ये खासबाग मैदान उभे राहिले. हिंदू-मुसलमान पैलवान एकाच मातीत, एकाच वस्तादाच्या पाया पडून तयार झाले. ती दुसरी परंपरा. राजा पाठीशी असे तोवर म्हाताऱ्या पैलवानाच्या खुराकाची सोय होत असे.

तिसरी तऱ्हा होती तिकिटाच्या कुस्तीची. इथे राजा नाही, गाव नाही, संघटना नाही. एक ठेकेदार मैदान भाड्याने घेतो, पोस्टरे छापतो, तिकिटे विकतो. पैलवान आज या शहरात, चार दिवसांनी त्या शहरात. प्रेक्षक आले तर पैसे, नाही आले तर प्रवासाचा खर्चही अंगावर. म्हणूनच या धंद्यात नुसते बळ पुरत नाही, बोलबाला लागतो. थोरले गामा 1910 मध्ये लंडनला गेले, तेव्हा उंची कमी म्हणून त्यांना स्पर्धेत घेतले नाही. त्यांनीही जाहीर आव्हानाचाच मार्ग धरला आणि त्यातून पोलंडच्या झ्बिस्कोशी त्यांची ती प्रसिद्ध बरोबरीची कुस्ती झाली. आव्हान ही या धंद्याची भाकरी होती.

इंग्लंडात हा धंदा आजही चालतो. तिथे 1955 ते 1988 टीव्हीवर कुस्ती दाखवत. ती बंद झाल्यावर पैलवान छोट्या सभागृहांत, दर आठवड्याला नव्या गावात, ठरलेल्या रकमेवर लढू लागले. ज्या दिवशी लढला नाही त्या दिवशी कमाई नाही. आणि ज्या लंडनला आपण पुढारलेले म्हणतो, तिथे बायकांच्या व्यावसायिक कुस्तीवर 1980 च्या दशकापर्यंत बंदी होती. बाईने कुस्ती खेळू नये असे वाटणारे लोक फक्त आपल्याच मोहल्ल्यात राहतात असे नाही, एवढे यावरून कळावे.

हमीदा बानू या तिसऱ्या तऱ्हेतल्या पैलवान. 1944 मध्ये मुंबईत त्यांची कुस्ती गुंगा पैलवानांशी ठरली. ती पाहायला 20 हजार लोक जमल्याचे तेव्हाच्या 'बॉम्बे क्रॉनिकल'ने लिहिले. ऐन वेळी गुंगा पैलवानांनी जास्त पैसे आणि तयारीला जास्त वेळ मागितला, कुस्ती रद्द झाली आणि चिडलेल्या लोकांनी मैदानाची मोडतोड केली. एका बाईची कुस्ती झाली नाही म्हणून 20 हजार लोक संतापतात, यावरून त्यांच्या नावाचे वजन कळते. उर्दू वाचणाऱ्यांना आणखी एक खूण सांगतो. कुर्रतुल ऐन हैदर यांच्या 'डालनवाला' या कथेतही त्यांचा उल्लेख येतो. साहित्यात जागा मिळणारे पैलवान किती असतील?

आपल्या महाराष्ट्राने काय केले?

इथे मान खाली घालावी लागते. पुण्यात त्यांची कुस्ती रामचंद्र साळुंखे यांच्याशी ठरली होती. स्थानिक कुस्ती संघटनेच्या विरोधामुळे ती रद्द करावी लागली. कोल्हापुरात त्यांनी सोमसिंग पंजाबी नावाच्या पैलवानाला हरवले. मग टाळ्या पडल्या का? नाही. लोकांनी हुर्यो उडवली, दगड मारले. जमाव आवरायला पोलीस बोलवावे लागले. ही कुस्ती नव्हे, सोंग आहे, असे लोकांचे म्हणणे.

हमीदा बानूंनी हार मानली नाही. त्यांनी मुंबई राज्याचे मुख्यमंत्री मोरारजी देसाई यांच्याकडे तक्रार केली. उत्तर आले की, तुम्ही स्त्री आहात म्हणून कुस्त्यांवर बंदी घातलेली नाही. ठेकेदार तुमच्यासमोर बनावट पैलवान उभे करतात अशा तक्रारी आल्या आहेत.

या आरोपाकडे आम्ही डोळेझाक करणार नाही. आपल्या भाषेत नुरा कुस्ती हा शब्द उगाच आलेला नाही. आधी ठरवून केलेल्या कुस्त्या तेव्हा सर्रास होत, पुरुषांच्याही होत. तिकिटाच्या धंद्यात ठेकेदाराला निकालापेक्षा गल्ला महत्त्वाचा. हमीदा बानूंच्या तीनशेहून अधिक विजयांचा जो आकडा तेव्हा सांगितला जाई, त्यातील प्रत्येक कुस्ती निकाली होती असे छातीठोकपणे कोणी म्हणू नये.

पण एक गोष्ट विचारात घ्यावी. बनावट जोड लावणारा ठेकेदार, पैसे घेऊन पडणारा पैलवान आणि मैदानात उतरलेली बाई, या तिघांपैकी दगड कोणाला बसले? ठेकेदाराला नाही. पडणाऱ्यालाही नाही. आमच्या वाचक भगिनींना हे नवे वाटणार नाही. व्यवहार चार जणांचा असतो, बदनामी एकीच्या वाट्याला येते.

एकच साल, दोन देश

1954 मध्येच मुंबईत हमीदा बानूंची गाठ रशियाच्या वेरा चिस्टिलिनशी पडली. 'रशियाची अस्वलीण' म्हणून तिचा गवगवा होता. हमीदा बानूंनी तिला एका मिनिटाच्या आत चीतपट केले. त्याच वर्षी त्यांनी युरोपात जाऊन तिथल्या पैलवानांशी लढणार असल्याचे जाहीर केले.

आणि मग सगळे अचानक थांबले. वर्तमानपत्रांतून त्यांचे नाव नाहीसे झाले.

काय घडले, ते कुटुंबीयांनी पुढे पत्रकारांना सांगितले. त्यांच्या सांगण्यानुसार सलाम पैलवानांना हे युरोपला जाणे पसंत नव्हते. हमीदा बानूंना अडवण्यासाठी त्यांनी लाठीने मारहाण केली, त्यात हात मोडले. पायालाही अशी दुखापत झाली की त्यानंतर बरीच वर्षे त्या काठीशिवाय चालू शकत नव्हत्या. दोघांचा निकाह झाला होता की नाही, याबद्दलही दोन घरांत दोन मते आहेत. सलाम पैलवानांच्या मुलीने त्यांना सावत्र आई मानले; हमीदा बानूंच्या नातवाने मात्र लग्न झालेच नव्हते असे सांगितले. जी बाई भर मैदानात "मला हरवा आणि लग्न करा" म्हणत होती, तिच्या स्वतःच्या घराची नोंद इतकी धूसर राहिली.

आता गंमत पाहा, गंमत म्हणण्यासारखी नसली तरी. त्याच काळात अमेरिकेत मिल्ड्रेड बर्क नावाची पैलवान होती. तिनेही जत्रांमधल्या तंबूत पुरुषांना आव्हाने देत सुरुवात केली होती. दहा मिनिटांत मला पाडा आणि रोख बक्षीस घेऊन जा, असे ते आव्हान. बर्क 1937 पासून महिलांची जगज्जेती मानली जात होती. तिचा पती बिली वुल्फ हाच तिचा ठेकेदार. कमाई त्याच्या हातात, कार्यक्रम त्याच्या हातात. दोघांचे फाटले, तेव्हा त्याने तिचे कामच तोडले. ऑगस्ट 1954 मध्ये अटलांटा शहरातील कुस्तीत तिच्यासमोर जून बायर्स उभी केली गेली. ती कुस्ती निकाली होण्याआधीच थांबवण्यात आली आणि मान मात्र बायर्सला मिळाला.

एक बाई अलिगढची, एक अमेरिकेची. भाषा वेगळी, धर्म वेगळा, पेहराव वेगळा. साल एकच आणि दुखणेही एकच. दोघींचे करिअर संपवले ते त्यांच्याच बाजूने उभ्या असलेल्या माणसाने, कारण करारनामा, पैसा आणि तिकीट त्याच्या हातात होते.

दादींचा प्रश्न आता आठवावा : हे सगळे आणून कोण देत होते? जो खुराक आणून देतो त्याच्याच हाती सगळा हिशेब राहिला, तर त्या पैलवानाची ताकद उसनी ठरते.

कल्याणचे दिवस

पुढे सलाम पैलवान अलिगढला परत गेले. हमीदा बानू कल्याणमध्ये राहिल्या. त्यांनी दुधाचा धंदा केला, काही इमारती भाड्याने दिल्या. एक मुलगा दत्तक घेऊन वाढवला. पैसे संपले तेव्हा घरी केलेले खाण्याचे पदार्थ रस्त्याच्या कडेला विकले. 1986 मध्ये त्यांचे निधन झाले. पेन्शन नाही, पुरस्कार नाही, एखाद्या तालमीला त्यांचे नाव नाही.

आम्ही अनेक वर्षे त्या स्टेशनवरून येजा केली. फलाटावर चहा प्यालो, वडापाव खाल्ला. शाळेत मुलांना राणी लक्ष्मीबाई शिकवली, चाँदबीबी शिकवली. आपल्याच वाटेवरच्या कल्याणमध्ये अशी एक बाई राहून गेली, याचा आम्हाला पत्ता नव्हता. शिक्षक म्हणून ही उणीव आम्ही कबूल करतो.

आणखी एक कबुली. दहाएक वर्षांपूर्वी दुसऱ्या एका मुलीने असाच अर्ज आणला होता. तेव्हा आम्ही तिच्या घरी गेलोच नाही. "बेटा, अभ्यासाकडे लक्ष दे," म्हणून अर्ज परत दिला. ती मुलगी आज कुठे आहे, ते ठाऊक आहे; मातीत नाही. तिने तक्रार केली नाही. मुली अशा तक्रारी करत नाहीत.

आज काय बदलले?

बरेच बदलले. ऑलिम्पिकमध्ये महिला कुस्ती 2004 पासून आहे. 2016 मध्ये साक्षी मलिकने रिओहून कांस्यपदक आणले. आपल्या महाराष्ट्रात मार्च 2023 मध्ये सांगलीला पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली. सांगलीच्या प्रतीक्षा बागडीने ती गदा जिंकली. अंतिम फेरीत तिच्यासमोर कोण होती? वैष्णवी पाटील, कल्याणची! ज्या कल्याणमध्ये हमीदा बानू दूध विकत होत्या, त्याच गावची मुलगी पंच, गुणफलक आणि हजारो प्रेक्षकांच्या साक्षीने लढली. आणि दगड कोणी मारला नाही.

शालेय स्पर्धा आता 14, 17 आणि 19 वर्षांखालील वयोगटांत, वजनानुसार होतात. मुलगी मुलीशीच लढते, गादीवर लढते, गुण मोजले जातात. दहावी-बारावीला ठरावीक पातळीपर्यंत खेळलेल्या विद्यार्थ्यांना क्रीडा गुणांची सवलत मिळते. राज्याच्या सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंसाठी 5 टक्के जागा आरक्षित आहेत. म्हणजे हमीदा बानूंच्या वेळी जो आधार एका वस्तादाच्या मर्जीवर होता, तो आज काही प्रमाणात नियमांच्या कागदावर आला आहे. नियम आपोआप कोणाच्या दारी येत नाहीत, ते मागावे लागतात, हेही खरे.

राहिला लोकांचा प्रश्न. कुस्ती आपल्याला परकी नाही. रुकाना नावाच्या नामांकित पैलवानाशी रसूलुल्लाह (स.) यांची कुस्ती झाल्याची रिवायत आपले बुजुर्ग सांगतात. हजरत आयशा (र.) यांच्याबरोबर धावण्याची शर्यत लावल्याची रिवायतही आहे. आणि कमाईबद्दल तर कुरआन स्पष्ट आहे : पुरुषाची कमाई पुरुषाची, स्त्रीची कमाई स्त्रीची. हमीदा बानूंच्या आयुष्यात मोडले गेले ते हे दुसरे तत्त्व, आणि त्याबद्दल मोहल्ल्यात कोणी बोलत नाही. लोक कपड्यांवर बोलतात, हिशेबावर बोलत नाहीत.

त्या बापाला दिलेले उत्तर

त्या दिवशी आम्ही त्यांना हमीदा बानूंची गोष्ट अशीच, काही न लपवता सांगितली. मोडलेल्या हातांसह सांगितली. आमचे एक सहकारी म्हणाले, अशाने तर तो नाहीच म्हणेल. पण जो बाप "हातपाय मोडला तर कोण बघणार" असे विचारतो, त्याला नुसती पदके दाखवणे ही फसवणूक झाली असती.

मग कागद घेऊन आम्ही दोघांनी बसून यादी केली. सरावाला शाळेच्या शिक्षिका सोबत जातील. परगावी स्पर्धा असेल तर घरचे एक माणूस बरोबर. दुखापत झाली तर सराव बंद, डॉक्टर म्हणतील तेव्हाच सुरू. अभ्यास सुटणार नाही. बक्षिसाची रक्कम, मग ती पाचशे रुपये का असेना, मुलीच्या नावच्या बँक खात्यात. आणि शेवटची अट त्यांनी स्वतः घातली : "खेळायचं की सोडायचं, हे उद्या तीच ठरवेल. मी नाही, तुम्ही नाही, आणि तिचा वस्तादही नाही."

आम्ही त्यांच्या तोंडाकडे पाहतच राहिलो. हमीदा बानूंच्या आयुष्यात हे वाक्य म्हणणारा एकही माणूस असता, तर कदाचित त्या युरोपला गेल्या असत्या.

त्यांनी सही केली. मुलगी स्पर्धेत पहिली कुस्ती जिंकली, दुसरी गुणांवर हरली. सोमवारी शाळेत आली ती कोपराला खरचटलेले आणि चेहऱ्यावर रुसवा घेऊन. आम्ही समजूत घालायला तोंड उघडणार, तोच तिने विचारले, "टीचर, पुढच्या वर्षीचे अर्ज कधी निघतात?"

पालकहो, तुमच्या घरातही असा एखादा अर्ज दप्तरात घडी करून ठेवलेला असेल. कुस्तीचा नसेल, धावण्याचा असेल, चित्रकलेचा असेल. सही करा किंवा करू नका, तो तुमचा हक्क आहे. पण आधी तो बाहेर काढून मुलीसमोर बसून वाचा. आणि सही केलीत, तर हिशेबाची वही तिच्या हाती द्या.